जुन्या व्हॅनला रंग द्यायचा, तर पैसे नेमके कशाचे लागतात?

आमची मारुती ओम्नी २००७ सालची, पांढरी. अण्णांनी ती आणली तेव्हा घरात पहिल्यांदाच चारचाकी आली होती. त्यानंतर तिनं दुधाचे कॅन वाहिले, सरकी पेंडीची आणि खताची पोती वाहिली, वऱ्हाडं नेली, घरातल्या तीन लेकरांना वर्षानुवर्षं शाळेत सोडलं. १५ वर्षं भरल्यावर २०२२ मध्ये नोंदणीचं ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलं. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण छत खडूसारखं पांढरंफटक पडलं होतं, सरकत्या दाराखाली गंजाचे फोड आले होते आणि मागच्या चाकावरचा पत्रा बोटानं दाबला की करकरायचा.

गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी मनावर घेतलं. एकाच आठवड्यात आम्ही तीन ठिकाणी भाव काढला. परभणीत मोंढ्याच्या बाजूला उघड्या शेडमध्ये काम करणाऱ्या मिस्त्रींनी १५ हजार सांगितले, चार दिवसांत गाडी हातात. गंगाखेड रोडच्या गॅरेजवाल्यांनी ३४ हजार सांगितले, पत्र्याचं काम वेगळं, दिवस दहा-बारा. छत्रपती संभाजीनगरला भाचा राहतो, त्यानं जालना रोडच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं. तिथं रंगासाठी बंद खोली आहे, भट्टी आहे. त्यांचा आकडा ७२ हजार, वर जीएसटी.

अण्णा म्हणाले, "रंग तर तिघंही पांढराच देणार. मग एवढा फरक कशाचा?"

हा प्रश्न मला सोडवेना. म्हणून मी पुढचे दोन महिने मिस्त्री लोकांच्या मागं मागं फिरलो, दुकानात डबे वाचले, थोडं रसायनशास्त्र उकरलं. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय. आपल्याकडं ओम्नी, इको, मॅजिक, ट्रॅक्स अशा जुन्या गाड्या गावोगाव चालतात. ओम्नीचं उत्पादन तर २०१९ मध्येच थांबलं, त्यामुळं ज्यांच्याकडं आहे ते ती जपून वापरतात. त्यांना हे उपयोगी पडावं.

रंग असतो तरी किती?

आधी एक छोटा हिशोब करू. ओम्नीची लांबी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१० आणि उंची १६४०. काचा, चाकं, बंपर वजा केले तर बाहेरून रंगवायचा पत्रा साधारण १२ चौरस मीटर भरतो. वरच्या रंगाचा वाळलेला थर ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तर अख्ख्या गाडीवर शेवटी बसतो तो रंग फक्त ०.६ लिटर. पाण्याच्या एका बाटलीपेक्षाही कमी.

मग मिस्त्री तीन-चार लिटर का मागतो? कारण डब्यातल्या रंगात साधारण अर्धा भाग उडून जाणारं द्रावण असतं. आणि साध्या स्प्रे गननं मारलेल्या रंगातला निम्म्याहून जास्त रंग पत्र्यावर बसतच नाही, धुक्यासारखा हवेत जातो. कमी दाबाची, जास्त हवेची गन असेल तर ही नासाडी बरीच कमी होते. गॅरेजमध्ये गेल्यावर भिंतीवर, जमिनीवर, मिस्त्रीच्या भुवयांवर रंगाची जी भुकटी दिसते, ती आपल्याच पैशाची असते.

आता थरांची गोष्ट. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा पत्र्यावर आधी फॉस्फेटचा अगदी पातळ लेप असतो. मग अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहानं तो प्रायमर कानाकोपऱ्यात ओढून घेतात. त्यावर सरफेसर म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर, त्यावर रंग, आणि बऱ्याच गाड्यांत सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. हे सगळे थर मिळून जाडी १०० ते १२० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे पाऊस, ऊन, चिखल आणि आपला पत्रा यांच्यामध्ये फक्त दीड केसाचं अंतर आहे.

कारखान्यात हे थर १४० अंश आणि त्याहून जास्त तापमानाच्या भट्टीत भाजतात. तेव्हा गाडीत सीट नसते, वायरिंग नसतं, काच-रबर-पेट्रोलची टाकी काही नसतं. आपली जुनी गाडी तेवढ्या भट्टीत घातली तर सगळं वितळून जाईल. त्यामुळं चालत्या गाडीला कारखान्यासारखा भाजलेला रंग पुन्हा कधीच देता येत नाही. वर्कशॉपची भट्टीही साधारण ६० अंशांची असते. ही उणीव भरून काढायला तिथं दुसरी रसायनं वापरतात, आणि भावातला पहिला फरक इथूनच सुरू होतो.

एनसी आणि पीयू

गॅरेजमध्ये हे दोन शब्द सतत कानावर पडतात. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. हा रंग थिनर उडून गेला की वाळतो, बाकी त्यात काही घडत नाही. गुळाचा पाक वाळून कडक झाला तरी पाणी लागताच विरघळतो ना, तसंच एनसीचं. महिन्यांनंतरही थिनरचा बोळा फिरवला की रंग बोळ्यावर उतरतो. एनसी पटकन वाळतो, चूक झाली तर लगेच घासून दुरुस्त करता येते, स्वस्त पडतो. पण मारल्यावर मंद दिसतो, चमक आणायला रबिंग करावंच लागतं. आपल्या उन्हात तो लवकर भुरा पडतो, पेट्रोल सांडलं तर डाग धरतो.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. यात दोन डबे येतात, रंगाचा आणि हार्डनरचा. ते ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि रंगाचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे बांधले जातात. भाकरी एकदा भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही, तसं हे आहे. पुरता पिकलेला पीयू थिनरच्या बोळ्याला दाद देत नाही. ऊन, पेट्रोल, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं तो एनसीपेक्षा किती तरी जास्त सोसतो. मात्र मिसळलेला रंग काही तासांत वापरावाच लागतो, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. उरला तर डब्यात घट्ट होऊन वाया जातो.

तिसरा प्रकार सिंथेटिक इनॅमल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, ट्रकच्या हौद्याला तो ठीक. वाळायला दिवस-दिवस घेतो, तोवर त्यावर धूळ बसते. व्हॅनला मी तो सुचवणार नाही.

१५ हजारांचं काम एनसीचं होतं, बाकी दोन पीयूची. इथं एक धोका मात्र आवर्जून सांगायला हवा. जुन्या गाडीवर आधी कुणी एनसी मारलेला असेल आणि आपण त्यावर थेट पीयू मारला, तर पीयूचं जहाल थिनर खालचा थर फुगवतं आणि नव्या रंगाला सुरकुत्या पडतात. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधी दाराच्या आतल्या कडेला थिनरचा बोळा घासून बघा. रंग सहज बोळ्यावर आला तर खाली एनसी आहे असं समजा. मग तो पूर्ण उतरवावा लागतो किंवा मध्ये इपॉक्सी प्रायमरचा आडथर द्यावा लागतो. दोन्ही प्रकारांत खर्च वाढतो, आणि तो आधी ठरलेला बरा.

गंज हाच खरा खर्च

आमच्या व्हॅनच्या दाराखालचे फोड बघून मला वाटलं होतं, एवढंसं तर आहे, घासलं की जाईल. गंगाखेड रोडच्या मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकं टेकवलं आणि ते आत गेलं. म्हणाले, "साहेब, हा वरून फोड दिसतोय, पण पत्रा आतून खाल्लेला आहे. बाहेरून आत नाही गेला, आतून बाहेर आलाय."

हे समजून घेण्यासारखं आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही मिळाले की गंज तयार होतो, आणि मीठ किंवा क्षार असतील तर फार वेगानं होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो आणि फोड दिसतो. आपल्याला फोड दिसेपर्यंत त्याचं काम आत बरंच झालेलं असतं.

मराठवाड्यात समुद्र नाही, दमट हवा फक्त पावसाळ्यापुरती. मग गाड्या गंजतात कशानं? माझ्या डोळ्यांसमोर दोन कारणं आली. पहिलं, काळी माती. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. काळी माती त्या भोकांत जाऊन बसते, वाळून दगड होते, आणि दार म्हणजे पाण्याचा हौद बनतो. आमच्या सरकत्या दाराच्या पोकळीतून मिस्त्रींनी ओंजळभर मातीचा गाळ काढला. चाकांच्या वरच्या कमानीतही तोच गाळ चिकटलेला, महिनोन् महिने ओल धरून. दुसरं कारण खत. पोत्यातून सांडलेलं खत मॅटखाली जातं, हवेतली ओल ओढून घेतं आणि फरशीचा पत्रा खातं. आम्ही मॅट उचलली तेव्हा ड्रायव्हरच्या मागची जमीन ठिकठिकाणी तपकिरी पापुद्र्यांनी भरलेली होती.

ओम्नीत बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: छताच्या कडेची पन्हाळ, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, सरकत्या दाराचा खालचा रूळ, पायरी, चाकांच्या कमानी आणि मॅटखालची फरशी. भाव विचारायला जाण्याआधी स्वतः मॅट उचलून, बॅटरी घेऊन या जागा बघाव्यात.

आता गंजाचं काय करतात, यावरच काम टिकणं-न टिकणं ठरतं. वरवरचा गंज असेल तर चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासतात, उरलेल्या खळग्यांत फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावतात. ते गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. ते पुसून, वाळवून मग इपॉक्सी प्रायमर. पत्रा आरपार गेला असेल तर दुसरा उपाय नाही. सडलेला तुकडा कापायचा, नवा पत्रा वेल्डिंगनं जोडायचा, जोडाला सीलंट आणि आतल्या बाजूनं मेणासारखा गंजरोधक फवारा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगा.

स्वस्त कामात काय होतं? भोकात जाळी किंवा कापड घालून वर पुट्टी थापतात. दिसायला एकदम सपाट. पण पॉलिस्टर पुट्टी स्पंजसारखी थोडी ओल शोषते. नंगा गंजका पत्रा, वर पुट्टी, वर रंग, असं झालं की पहिल्याच पावसाळ्यात ओल आत जाते आणि पोळा-दसऱ्याच्या सुमारास फोड पुन्हा वर. रंग देणाऱ्याची चूक रंगाच्या माथी मारली जाते.

पुट्टी वाईट असते असं मात्र नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर उरलेली बारीक लाट भरायला ती लागतेच. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ती छान टिकते. बोटभर जाड थापली तर खडबडीत रस्त्यावर हादरे बसून तडकते. जुनी गाडी विकत घेताना किंवा काम झाल्यावर तपासायचं असेल तर मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं खाली पुट्टीचा ढीग आहे.

आमच्याकडं दाराचा खालचा भाग, एक चाकाची कमान आणि फरशीचे दोन तुकडे बदलावे लागले. डेंटरचे ६,५०० रुपये वेगळे गेले. माझ्या मते सगळ्या खर्चातले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच.

घासण्याचे दिवस

रंग मारायला लागतात दोन-तीन तास. आमची गाडी गॅरेजमध्ये ११ दिवस होती. बाकीचा सगळा वेळ घासण्यात गेला.

कोणताही रंग गुळगुळीत पृष्ठभागावर धरत नाही, त्याला धरायला बारीक ओरखडे लागतात. म्हणून कागद क्रमानं बदलत जातात. पुट्टीला आकार द्यायला ८० नंबर, मग १८०, प्रायमरआधी ३२०, प्रायमर वाळल्यावर ओलं घासायला ८००. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. घाईत मिस्त्री ८० वरून थेट ४०० वर उडी मारतो. तेव्हा काही दिसत नाही. महिन्याभरात रंग आक्रसतो, खोल ओरखड्यांत बसतो आणि तिरप्या उन्हात पुट्टीच्या कडा नकाशासारख्या उमटतात. १५ हजारांचं काम चार दिवसांत कसं होतं, त्याचं उत्तर या कागदांत आहे.

तसंच रबराचं. दिवे, हँडल, काचेची बीडिंग, नंबर प्लेट काढून रंग द्यायचा की नुसती टेप चिकटवायची? टेप लावली की रंगाची कड रबराच्या अगदी टोकाला संपते आणि पाईपच्या पाण्यानं गाडी धुताना नेमकी तिथूनच पापुद्रा सुटायला लागतो. सगळं काढणं-बसवणं हा एका माणसाचा एक-दीड दिवस. आमच्या मिस्त्रींनी मोकळेपणानं सांगितलं की पुढच्या काचेचं जुनं रबर काढताना काच तडकू शकते. ते ऐकून आम्ही काच तशीच ठेवली, रबराची कड दोरी घालून उचलली आणि खालपर्यंत रंग घेतला. बाकी सगळं सुटं केलं.

आणि तेल. केसांना तेल लावलेला हात, डॅशबोर्डच्या पॉलिशचा उडालेला थेंब, डिझेलचं बोट, यातलं काहीही पत्र्यावर राहिलं की रंग तिथं जवळ जायला तयार होत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल खळगी पडते. रंगाआधी तेल काढणाऱ्या द्रावणानं पुसून घेतलेल्या पत्र्याला नंतर उघडा हात लावायचा नाही. गाडीचा मालक कौतुकानं हात फिरवतो आणि मिस्त्री मनातल्या मनात कपाळाला हात लावतो. मीही फिरवला होता, आणि त्यांना तो दरवाजा पुन्हा पुसावा लागला.

माठ, वावटळ आणि मुहूर्त

बंद खोलीत रंग देणाऱ्यांचा भाव जास्त असतो, कारण त्यांनी हवामान विकत घेतलेलं असतं. गाळलेली हवा, ठरलेलं तापमान, धूळ नाही. उघड्या शेडमध्ये काम करायचं तर हवामानाशी जुळवून घ्यावं लागतं.

पावसाळ्यात एनसी मारला की कधी कधी रंगावर दुधाळ साय येते. याचं कारण आपल्या घरातल्या माठात आहे. माठाच्या अंगावरचं पाणी उडताना माठ गार होतो. तसंच थिनर झपाट्यानं उडताना पत्रा गार होतो, आणि दमट हवेतली वाफ त्या गार रंगावर दवासारखी जमते. पीयूच्या हार्डनरची तर पाण्याशी थेट क्रिया होते, त्यातून वायू सुटतो, बारीक बुडबुडे येतात, चमक मरते. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी पाईपातून आलं तरी हेच. म्हणून रंगाच्या दिवशी सकाळी टाकीचं पाणी सोडलं का आणि हवेच्या लाइनला पाणी अडवणारा फिल्टर आहे का, एवढं नक्की विचारा. हार्डनरचा अर्धा उघडा डबाही याच कारणानं नको. हवेतली ओल लागून तो गढूळ होतो. डबे आपल्यासमोर फोडले जावेत, यात कुणाचा अपमान नाही.

एप्रिल-मे महिन्यांत उलटी अडचण. परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर जातो, उन्हातला पत्रा तर हात लावू देत नाही. गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि रंग खरखरीत, संत्र्याच्या सालीसारखा बसतो. अशा दिवसांत सावकाश उडणारं थिनर वापरतात आणि काम पहाटे उरकतात. वर दुपारची वावटळ, आणि कापूस निघायच्या दिवसांत जिनिंगजवळच्या गॅरेजात तर हवेत तंतूच तंतू.

माझ्या समजुतीनं आपल्याकडं उघड्या शेडमधल्या कामाला दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. आमच्या मिस्त्रींनी जानेवारीतली सकाळ धरली. ऊन थोडं वर आल्यावर पत्रा कोमट झाला, जमिनीवर पाणी शिंपडलं, तिन्ही बाजूंनी ओला पडदा सोडला आणि वारा सुटायच्या आत तीन हात मारून झाले. दोन हातांमध्ये दहा-दहा मिनिटं थांबले. तेवढ्या वेळात द्रावण उडायला वाट मिळते, नाहीतर ते आत कोंडतं आणि नंतर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात.

रंगवणाऱ्याची छाती

हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचं धुकं छातीत गेलं की काहींना कायमचा दमा जडतो. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढं अगदी थोड्या मात्रेनंही धाप लागते. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्याला पुरेसा वासही नसतो, त्यामुळं वास येत नाही म्हणून धोका नाही असंही म्हणता येत नाही. खरा उपाय बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. तो नसेल तर निदान नवे कार्ट्रिज (हवा गाळणाऱ्या डब्या) लावलेला, तोंडाला घट्ट बसणारा मास्क तरी हवाच, आणि जवळ पोरं उभी नकोत.

जुन्या पिवळ्या रंगाचीही काळजी घ्यायला हवी. पिवळ्या छटांसाठी शिशाचं रंगद्रव्य बरीच वर्षं वापरात होतं. भारतात २०१७ पासून शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, गाड्यांच्या रंगांना लागू नाही. शाळेची जुनी पिवळी व्हॅन कोरडी घासू नये, पाण्यानं ओली ठेवून घासावी, आणि तो राडा अंगणात सोडू नये.

आमच्या मिस्त्रींचा मदतनीस विशीतला पोरगा. त्याला मास्कसाठी वेगळे पैसे देऊ केले तर मिस्त्री थोडे संकोचले, मग घेतले. भाव करताना आपण हजार-दोन हजारांची घासाघीस करतो. ती करण्याआधी तो मास्क कुठल्या पैशांतून यायचा, याचा विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं.

मग आम्ही काय ठरवलं

आधी एक शक्यता आम्ही तपासली: रंग खरंच लागतो का? साध्या पांढऱ्या जुन्या रंगावर बऱ्याचदा फक्त वरची साल उन्हानं खडू झालेली असते. ओल्या फडक्यानं पुसल्यावर तेवढा भाग खुलून दिसला, तर रबिंग कंपाउंडनं गाडी अर्धी-अधिक उजळते आणि दोन-अडीच हजारांत काम भागतं. आमचे दोन्ही पुढचे दरवाजे असे उजळले असते. पण छत पार प्रायमरपर्यंत झिजलेलं, त्यामुळं निर्णय रंगाचाच झाला.

७२ हजारांचं काम उत्तम झालं असतं यात शंका नाही. पण विकायला काढली तर आमच्या गाडीला लाखाच्या आत-बाहेरच किंमत येणार होती, आणि २०२७ मध्ये पुन्हा नूतनीकरणाचा प्रश्न आहेच. १५ हजारांचं काम गंजावर पांघरूण ठरलं असतं. आम्ही मधला रस्ता धरला: ३४ हजार आणि डेंटरचे ६,५००, मिळून ४०,५००. ३४ हजारांतला १४ हजारांचा माल होता: इपॉक्सी प्रायमर, सरफेसर, तीन किलो पुट्टी, चार लिटर पांढरा पीयू, हार्डनर, थिनर, कागद, टेप. बाकी २० हजार मिस्त्री आणि दोन मदतनिसांची ११ दिवसांची मजुरी आणि जागेचं भाडं-वीज. मालाच्या किमतीत तिन्ही ठिकाणी जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. फरक होता तो माणसांच्या दिवसांत. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं.

पांढऱ्यावर पांढराच दिल्यानं बरेच पैसे वाचले. रंग बदलला असता तर दारांच्या आतल्या कडा, चौकटी, मागच्या झाकणाची आतली बाजू, सगळं रंगवावं लागलं असतं. शिवाय आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते, ती आरटीओकडून बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. लष्करी हिरवा रंग तर खासगी गाडीला देताच येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्याच वाहनांसाठी आहे.

चंदेरी किंवा मोतिया गाडी असेल तर खर्च आणखी वाढतो. त्या रंगात ॲल्युमिनियमचे किंवा अभ्रकाचे बारीक कण असतात. ते कसे पडतात हे गनच्या दाबावर, अंतरावर, हाताच्या वेगावर ठरतं. म्हणून एकच दरवाजा रंगवला की तो वेगळा दिसतो, शेजारच्या पॅनलवर रंग विरवत न्यावा लागतो, आणि वर क्लिअरचे दोन हात लागतात.

गुत्त्यानं काम देताना आम्ही एका कागदावर चार ओळी लिहून घेतल्या: पीयू, कोणत्या कंपनीचा, नंग्या पत्र्यावर आधी इपॉक्सी, काय काय सुटं करणार, आणि पैसे तीन टप्प्यांत. इसार १० हजार, प्रायमर झाल्यावर १५, उरलेले गाडी उन्हात उभी करून बघितल्यावर. प्रायमरच्या टप्प्यावर जाऊन बघणं फार महत्त्वाचं, कारण पत्र्याचं खरं रूप तेवढ्याच दिवशी दिसतं. मिस्त्रींना याचा राग येईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं लिहिलं, नंतर कुणी विसरत नाही."

गाडी घरी आली तेव्हा डाव्या बाजूला रंगाचा एक छोटा ओघळ होता आणि छतावर धुळीचे चार-पाच कण. मिस्त्रींनी महिन्यानं बोलावून २००० नंबरच्या कागदानं ते घासून पॉलिश करून दिलं. त्याआधी करायचं नव्हतं, कारण पीयू हाताला वाळलेला लागला तरी आतून पिकायला आठवडा लागतो आणि द्रावण पुरतं बाहेर पडायला त्याहून जास्त. तोवर मेण-पॉलिश लावलं तर ते आतच कोंडतं. पहिले आठ दिवस आम्ही गाडी धुतली नाही, लिंबाखाली उभी केली नाही, कारण पाखरांची घाण ताज्या रंगावर डाग पाडते.

आता धुणं चालतं, पण बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की बादलीला पांढरा थर बसतो. तेच थेंब उन्हात पत्र्यावर वाळले की गोल डाग पडतात, आणि जुने झाले की घासूनच काढावे लागतात. सकाळी सावलीत धुवायचं आणि लगेच मऊ सुती फडक्यानं टिपून घ्यायचं. हे काम धाकट्या लेकीनं स्वतःकडं घेतलंय. दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी अण्णा आता सायकलच्या स्पोकचा तुकडा घेऊन खाली बसतात आणि दारांच्या तळाची भोकं एक-एक करून मोकळी करतात. यंदा पहिल्याच भोकातून काळी माती निघाली, मग गुळण्या टाकल्यासारखं वाटीभर पाणी.